सुप्याचे जाते

सुपे गाव काळी नदीच्या जलाशयाखाली गेल्याला बरीच वर्षे लोटली होती आणि तालुक्यासही जोयडा हेच नाव रूढ झाले होते. परंतु बुडित क्षेत्रातून रामनगरास येताना आजीने जे एक जाते हट्टाने बरोबर घेतले, ते मागल्या पडवीत तिच्या हयातीपर्यंत फिरत राहिले. १९९३ च्या मे महिन्यात मस्कतहून रजेवर आलेल्या धाकट्या काकांनी, गोव्याकडून मीटर गेजच्या गाडीने तिनईघाटापर्यंत मांडीवर सांभाळून आणलेल्या व्हिडिओ-८ कॅमेऱ्याने, नाचणी दळीत ओव्या म्हणणारी आजी टिपून घेतली. पुढे आजी गेली, काकाही गेले, आणि ती कॅसेट माझ्या लोखंडी पेटीत खरेदीखतांच्या शेजारी पडून राहिली.

आमच्याकडचा पावसाळा चामड्याच्या चपलेस आठ दिवसांत बुरशी आणतो, तेथे फितीची काय कथा! २००७ साली मृग लागण्यापूर्वी ती संगणकावर उतरवून घ्यावी, असे मी मनावर घेतले. दांडेलीच्या एका छायाचित्रकाराकडून, जुन्या कॅसेटी वाचणारा डिजिटल-८ कॅमेरा चार दिवसांच्या बोलीने आणला आणि फायरवायरच्या तारेने संगणकास जोडला. या पद्धतीत दर सेकंदास पंचवीस फ्रेमा येतात, तासाभराच्या चित्रणास सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागते, आणि फीत कोणासाठी थांबत नाही. आलेली फ्रेम त्या क्षणी दप्तरी दाखल झाली नाही, तर ती गेलीच.

पहिल्याच दिवशी ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’ या शब्दांपुढचा आकडा हजारावर गेला. पडद्यावर जे दिसले ते पाहवेना. आजीचा बांगड्यांचा हात खुंट्यासह पलीकडे जाई, तो मधला मार्ग न चालताच अलीकडे प्रकट होई. मूठभर नाचणी जात्याच्या तोंडाशी पोहोचण्यापूर्वीच मूठ रिकामी झालेली असे. आणि ओवी ओठांशी इतकी फटकून चाले, की जणू दुसरेच कोणी आडोशाला बसून गात असावे.

अँटीव्हायरस बंद केला, स्क्रीनसेव्हर काढला, कॅमेऱ्याच्या हेडवरून सफाईची कॅसेट फिरवली. डिस्कवरील विस्कळीत फाइली एकत्र लावण्याचे काम रात्री सुरू करून निजलो, तर पहाटे तीनला वीज गेली. ज्या काळीच्या पाण्यावर वीज व्हावी म्हणून आमचे घर बुडाले, तिच्याच काठच्या तालुक्यात! पुतण्या म्हणाला, “काका, कशाला जीव आटवता? कॅसेटच खराब झालीय ती.”

तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसाला असा तोंडी निकाल मान्य होत नाही. मी वहीत रकाने आखले, तीच फीत पुन्हा उतरवली, आणि प्रत्येक वेळी फ्रेमा कोणत्या मिनिटास गळाल्या ते टिपले. दोन्ही खेपांच्या जागा भिन्न निघाल्या. आता एकाच दस्तऐवजाच्या दोन नकलांत दोन वेगळ्या ठिकाणी ओळी गाळलेल्या आढळल्या, तर दोष दस्तऐवजाचा नसून नकलनविसाचा असतो, हे सांगावयास कायदेपंडित नको. आरोपी संगणकच होता.

त्याच्या अंतरंगात शिरल्यावर उलगडा झाला. डिस्कवर माहिती पोहोचवण्याच्या रीती दोन. ‘डीएमए’ या रीतीत ती प्रोसेसरच्या हाताखालून न जाता परस्पर रवाना होते. ‘पीआयओ’ या रीतीत प्रत्येक तुकडा प्रोसेसरलाच उचलून न्यावा लागतो. म्हणजे मामलेदाराने खुर्ची सोडून स्वतः टपाल वाहावे, आणि तेवढ्यात दारी सेकंदाला पंचवीस अर्जदार उभे राहावेत! विंडोज एक्सपीचा शिरस्ता असा, की देवघेवीत सहाहून अधिक चुका झाल्या की ते डिस्कला डीएमएवरून खाली उतरवीत पीआयओवर आणते, आणि तो हुकूम स्वतःहून कधीच मागे घेत नाही. डिस्कच्या पट्टीसारख्या केबलचे टोक सैल होते. चुका तेथून झाल्या असाव्यात, आणि शिक्षा मात्र कायमची लागली होती. केबल बदलली, ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून ती वाहिनी काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू केले, तेव्हा डिस्क पूर्वपदावर रुजू झाली.

तिसऱ्या खेपेस आकडा बराच वेळ शून्यावर स्थिर राहिला. आजीचा हात आता अखंड वर्तुळात फिरत होता, पिठाची राखी कडा जात्याभोवती हळूहळू चढत होती, आणि वरच्या तळीची घरघर ओवीच्या विसाव्यात स्पष्ट ऐकू येत होती. एकतिसाव्या मिनिटास मात्र अकरा फ्रेमा गळाल्या. चौथ्या खेपेसही तेथेच, तितक्याच. पाचवी खेप केली नाही. कारण तो भाग सावकाश पाहिला, तर आजीने मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिले होते, ओवी अर्ध्यावर सोडून काकांना कसलीशी तंबी दिली होती, आणि त्यांनी घाईने कॅमेरा बंद करून थोड्या वेळाने, ती पुन्हा दळणात गुंतल्यावर, लांबून चालू केला होता. त्या दोहोंमध्ये फितीवर काहीच उमटलेले नव्हते.

वहीतील त्या नोंदीपुढे, शेऱ्याच्या रकान्यात, मी लिहिले: मूळ प्रतीत नाही.