घाटात काच धुरकटली तेव्हा

मे महिन्यात नवी गाडी घेतली. समोर मोठा टचस्क्रीन, बटणं जवळपास नाहीतच. एसी, पंखा, काचेवरचं धुकं घालवायचा डिफॉग, सगळं त्या स्क्रीनमध्ये. उन्हाळ्यात काही अडलं नाही.

जुलैत कराडहून माहेरी, चिपळूणला निघाले. शेजारी लेक होती. पाटण सोडलं तेव्हा भुरभुर होती, कोयनानगरच्या पुढे पाऊस धो धो कोसळायला लागला. कुंभार्ली घाटात समोरची काच आतून धुरकटू लागली. खालच्या कडेने सुरू झालेलं धुकं दोन वळणांत माझ्या नजरेपर्यंत चढलं.

स्क्रीनभर नकाशा उघडा होता. डिफॉगसाठी आधी नकाशा मिटवायचा, मग एसीचं पान उघडायचं, मग बारीक चित्रांतून काचेचं चित्र शोधायचं. मी स्टिअरिंग सोडलं नाही. लेकीला म्हटलं, "तू बघ गं." तीही चाचपडली. गाडी खड्ड्यात आदळली की तिचं बोट भलतीकडेच पडायचं. "आई, गाणीच लागतायत!" ती रडवेली झाली. मला पुढच्या ट्रकचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. खिडकी चार बोटं खाली केली, वेग कमी केला, पार्किंग लाइट लावले आणि रस्ता रुंद झाला तिथे गाडी कडेला घेतली. पार्किंग लाइटला वेगळं बटण होतं म्हणून बरं. हात थरथरत होते.

गाडी उभी केल्यावर डिफॉग सापडला. बाहेरची हवा आत घेणंही चालू केलं. आतलीच हवा फिरत राहिली की श्वासाचा ओलावा काचेवर बसतो. थोड्या वेळात काच स्वच्छ झाली.

सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, सवय होईल." मला राग आला. जुन्या गाडीत नॉब न बघता हाताला लागायचा. गुळगुळीत काचेवर बोटाला काही कळत नाही, बघावंच लागतं. त्याची सवय कशी होणार?

मग या विषयावर वाचत गेले. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याने २०१३ मध्येच कंपन्यांना सुचवलं होतं की स्क्रीनवरच्या एका कामासाठी नजर एका वेळी दोन सेकंदांहून जास्त रस्त्यावरून हटू नये आणि नजर हटण्याचा एकूण वेळ बारा सेकंदांच्या आत राहावा. ताशी चाळीसच्या वेगातही दोन सेकंदांत गाडी बावीस मीटर जाते. घाटात तेवढ्यात वळण संपतं. स्वीडनमधल्या एका मासिकाने २०२२ मध्ये गाड्या तपासल्या. बटणांच्या २००५ च्या व्होल्वोत नेमून दिलेली कामं दहा सेकंदांत झाली, एका टचस्क्रीनवाल्या गाडीत जवळपास पंचेचाळीस लागले. आता गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनेही २०२६ पासून वायपर, हॉर्न, इंडिकेटर यांना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलं आहे.

माझ्या गाडीत स्टिअरिंगवरचं एक बटण हवं त्या कामाला लावता येतं, ते डिफॉगला लावलं. नकाशा अर्ध्याच स्क्रीनवर ठेवते. मेसेजच्या सूचना बंद केल्या. तोंडी हुकूम मात्र भर पावसाच्या आवाजात गाडीला ऐकू येत नाही, त्यावर विसंबू नका.

परवा धाकटा भाऊ गाडी घ्यायला निघाला, तेव्हा मी सोबत गेले. शोरूममध्ये त्याला नजर समोर ठेवून डिफॉग आणि वायपर लावायला सांगितलं. महागड्या मॉडेलमध्ये त्याला जमलं नाही. खालच्या मॉडेलमध्ये नॉब होते, लगेच जमलं. त्याने तेच बुक केलं.