पापनाशमची पेंढ्यातली अळंबी

तंजावरहून कुंभकोणमला निघालात की वाटेत पापनाशम लागतं. कमल हासनच्या सिनेमातलं पापनाशम हे नव्हे बरं का, ते तिकडे तिरुनेलवेलीत. हे कावेरीकाठचं, भाताचं गाव. इथल्या पालैवननाथर देवळात नायक राजांच्या काळातलं धान्याचं कोठार अजून उभं आहे, यावरून काय ते ओळखा!

ऑक्टोबरात कुरुवैचं भात निघालेलं असतं, ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि भिजलेल्या पेंढ्याच्या गंजीतून अळंबी डोकं काढतात. तमिळमध्ये वैक्कोल काळान. मी मैत्रिणीकडे गेले होते. तिची आजी तंजावरच्या मराठी घरातली, बोलणं मराठीच पण तमिळ वळणाचं. मी मोठ्या हौसेने अंड्यासारखी मिटलेली अळंबी वेचून आणली. आजींनी एकेक हातात घेतलं आणि सगळी उकिरड्यावर टाकली.

राग आला खरं तर. पण ऐका. मिटलेलं असताना हे अळंबं आणि विषारी ॲमानिटा बाहेरून सारखीच दिसू शकतात. उमलल्यावरही दोघांच्या देठाच्या बुडाशी पिशवी असते. पेंढ्यातल्या अळंब्याचे छत्रीखालचे पापुद्रे पिकल्यावर गुलाबी होतात, देठाला कडं नसतं. ॲमानिटाचे पापुद्रे बहुतेक पांढरेच राहतात. पण कोवळेपणी दोघांचेही पांढरेच! 2012 च्या जानेवारीत कॅनबेरात डेथ कॅप नावाचं ॲमानिटा खाऊन दोघांचा जीव गेला. आशियातून तिकडे गेलेल्यांना ते आपल्या पेंढ्यातल्या अळंब्यासारखंच वाटतं. त्याचं विष शिजवून जात नाही आणि उलट्या सुरू होतात त्या बऱ्याच तासांनी. चांदीचा चमचा काळा पडतो, हळद लाल होते, या परीक्षांवर अजिबात विसंबू नका. खात्रीने ओळखणारं माणूस सोबत नसेल तर रानातलं अळंबं उचलूच नका.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी पेंढ्याच्या वाफ्यावर लावलेली अळंबी आली. ही फ्रिजमध्ये ठेवू नका, पाणी सुटून लिबलिबीत होतात. आणली की त्याच दिवशी करा. आजींनी उभी चिरली. तेलात मोहरी, कढीपत्ता, सांबारचे छोटे कांदे, मग अळंबी, मीठ. झाकण नाही, सुटलेलं पाणी मोठ्या आचेवर आटवायचं. शेवटी भरडलेली मिरी आणि ओलं खोबरं.

गरम भातावर वाढताना आजी हसून म्हणाल्या, "कालची केली असती तर आज कोण जेवलं असतं?"