तुरटाची संगत

गोड चव कुणाला शिकवावी लागत नाही. आंबट आणि खारट मागाहून आपोआप येतात, तिखट आपण हट्टाने कमावतो. तुरट मात्र कायम उंबऱ्याबाहेर. षड्रसांच्या यादीतही कषाय सहावा, म्हणजे शेवटचाच. कच्च्या केळ्याने किंवा आवळ्याने जीभ आखडली की आपण तोंड वाकडं करतो आणि पाणी मागतो. इटलीच्या लाल वाइन प्यायला लागल्यापासून मला या चवीची ओढ लागली आहे. त्या वाइन तुरटपणा लपवत नाहीत. पाहुण्याला थेट स्वयंपाकघरात न्यावं तसा तो पहिल्याच घोटाला समोर आणून उभा करतात.

खरं तर तुरट ही जिभेची चव कमी आणि स्पर्श जास्त. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि हिरड्या कोरड्या, खरबरीत वाटू लागतात. त्यावर मांसाचा तुकडा खा, जुनं चीज खा, टॅनिनला धरायला दुसरं काही मिळतं आणि तोंड पुन्हा ओलं होतं. मग दुसरा घोट घ्यावासा वाटतो, त्यामागून दुसरा घास. इटलीत वाइन पिढ्यान् पिढ्या ताटाशेजारी ठेवली गेली. तिच्यातला आंबटपणा आणि तुरटपणा जेवणाच्या हिशोबाने टिकून राहिला असावा, असं मला वाटतं. नुसती चाखून तिच्याबद्दल मत देणं म्हणजे अर्धंच वाक्य ऐकून उठून जाणं.

हे सगळं मला नीट कळलं ते पिएमोंते प्रांतात, लांगेच्या टेकड्यांवर. ऑक्टोबर होता. सकाळी दऱ्यांमध्ये धुकं साचलेलं, वर फक्त टेकड्यांचे माथे आणि त्यांवरची गावं. उतारांवर नेब्बिओलोची तोडणी चालू होती. ही जात लवकर फुटते आणि सगळ्यांच्या मागून पिकते, त्यामुळे शेतकऱ्याचा जीव शेवटपर्यंत टांगणीला. याच द्राक्षाची बारोलो होते, फक्त 11 गावांच्या हद्दीत. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची माती निळसर, चुनखडीची. तिथली वाइन सुगंधी आणि थोडी मऊ. पूर्वेला सेर्रालुंगाच्या बाजूची माती अधिक जुनी, तिच्यात वाळूचा दगड. तिथली वाइन कडक, उशिरा बोलती होणारी. या टेकड्या समोरासमोर आहेत, एकीवर उभं राहिलं की दुसरी दिसते.

बारोलोचा रंग पाहून हमखास फसायला होतं. पेला तिरपा धरला तर त्यातून बोटं दिसतील इतका फिका, कडेला विटकरी. वास गुलाबाचा आणि डांबराचा, एकाच वेळी. इतकं नाजूक रूप पाहून घोट घ्यावा, तर टॅनिन येऊन हिरड्यांना पकडतं. नियमाने बारोलोला बाजारात यायच्या आधी किमान 38 महिने थांबावं लागतं, त्यातले 18 लाकडी पिंपात. ‘रिझेर्वा’ म्हणवून घ्यायचं तर 62 महिने. एवढं थांबूनही चांगल्या वर्षाची बारोलो दहा वर्षांनंतर खुलते. काळ गेला की तुरटपणा जात नाही, त्याचे कोपरे झिजतात. मागे सुकल्या गुलाबाचा, चामड्याचा, ओल्या पानांचा वास राहतो.

या तुरटपणावरून तिथे घराघरांत भांडणं झाली आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत लांगे हा गरिबांचा मुलूख. तरुण पोरं टेकड्या सोडून तोरिनोच्या कारखान्यांत जात. जगाला झटपट पिता येईल अशी वाइन हवी होती आणि बारोलो कुणासाठी घाई करायला तयार नव्हती. 1983 मध्ये एलिओ आल्तारे या तरुणाने यांत्रिक करवत घेऊन वडिलांची जुनी पिंपं कापून काढली. वडिलांनी त्याला वारसाहक्कातून वगळलं. एलिओसारख्या नव्यांचं म्हणणं असं की साली रसात थोडेच दिवस ठेवाव्यात आणि नव्या ओकची लहान फ्रेंच पिंपं, म्हणजे ‘बारीक’, वापरावीत; वाइन लवकर मऊ होते, व्हॅनिलाचा गंधही येतो. जुन्यांचं म्हणणं असं की साली कित्येक आठवडे रसात राहू द्याव्यात आणि वाइन जुन्या, अवाढव्य पिंपांत निवांत पडू द्यावी. त्यांच्यातल्या बार्तोलो मास्कारेल्लोने एक लेबल स्वतः रंगवलं, त्यावर बारीक नको आणि बेर्लुस्कोनीही नको, अशी घोषणा लिहून टाकली. 2005 मध्ये तो गेला. आज बहुतेक उत्पादक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहेत आणि मोठी पिंपं पुन्हा मानाने उभी आहेत. मला त्या भांडणात एलिओचा उतावळेपणा समजतो. ज्याच्या घरात पैसा नाही त्याला ‘थांब’ म्हणणं सोपं नसतं. पण मन ओढ घेतं बार्तोलोकडेच.

दुकानातल्या फळीसमोर उभं राहिल्यावर मात्र हे सगळं तत्त्वज्ञान गळून पडतं. इटलीची लेबलं म्हणजे एक वेगळा गावगाडा. कुठे फक्त जागेचं नाव: बारोलो, कियांती. कुठे द्राक्ष आणि जागा दोन्ही: बार्बेरा द’आल्बा. कुठे ‘तिन्यानेल्लो’सारखं एका मळ्याचंच नाव. मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सोमध्ये मोंतेपुल्चानो हे द्राक्ष आहे. वीनो नोबिले दी मोंतेपुल्चानोमध्ये ते तोस्कानातलं एक गाव आहे आणि द्राक्ष आहे सांजोवेझे. कियांतीची हद्द तर तोस्कानाच्या तिसऱ्या कोझिमोने 1716 मध्येच फर्मान काढून आखली होती. तरीही आज नुसती ‘कियांती’ आणि ‘कियांती क्लास्सिको’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या मूळ प्रदेशातली हवी असेल तर बाटलीच्या गळ्यावर काळा कोंबडा शोधायचा.

सरकारी दर्जाची पट्टी मदत करते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. बोल्गेरीच्या किनाऱ्याजवळ मार्केझे पदवीच्या एका उमरावाने फ्रेंच काबेर्ने लावलं. त्याची सास्सिकाया 1968 च्या हंगामापासून विक्रीला आली. स्थानिक नियमांत तिला जागाच नव्हती, म्हणून जगभर नावाजलेली ही वाइन कित्येक वर्षं सगळ्यांत खालच्या पायरीवर, साधी ‘टेबल वाइन’ म्हणून विकली गेली. 1994 मध्ये नियम तिच्यापर्यंत आला. म्हणून मी आधी उत्पादकाचं नाव वाचते, मग हंगामाचं वर्ष, आणि पट्टी शेवटी.

उत्तरेला वेरोनाजवळ वाल्पोलिचेल्लाच्या टेकड्यांवर तुरटाला वेगळ्या रीतीने आपलंसं करतात. कोर्विनाचे निवडक घड तोडून हवेशीर माळ्यांवर तीन-चार महिने सुकवतात. वजन साधारण एक तृतीयांशाने घटतं, साखर आणि टॅनिन दाटून येतात. तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेला माल पाहिलेल्याला ही रीत परकी वाटणार नाही. आपल्याकडच्या ऊन-वाऱ्याला मात्र त्याच कामाला पंधरवडा पुरतो. तिथे हिवाळा मदतीला असतो, आणि बुरशीची भीतीही. या सुकल्या मण्यांतली साखर पूर्ण आंबू दिली की अमारोने होते: जड, पंधरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क, शेवटाला किंचित कडू. साखर संपायच्या आत आंबवणं थांबवलं तर रेचोतो, गोड.

आपल्या घरी आणल्यावर पहिला प्रश्न उन्हाचा. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला युरोपातल्या गार दगडी घरांतून आलेला. पुण्यातल्या मे महिन्यात ती बाटली तशीच उघडली तर नाकाला नुसता मद्यार्क लागतो. फ्रीजमध्ये ठेवावी, सोळा-अठरा अंशांवर आली की ओतावी. दुसरा प्रश्न मिरचीचा. तांबड्या रश्शाबरोबर बारोलो काढणं हा दोघांवरही अन्याय आहे. तिखटाने तुरटपणा बोचरा होतो आणि मद्यार्कही जाळतो. तिथे बार्बेरा काढावी, कारण ती आंबट आहे आणि तिच्यात टॅनिन बेताचं. खिम्याबरोबर ती फार शोभते. टोमॅटो असेल तिथे सांजोवेझे. चुलीवर धुरावलेलं, कमी तिखटाचं मटण आणि मागे निवांत संध्याकाळ असेल तर दक्षिण इटलीच्या ज्वालामुखी मातीतली ताउराझी.

आता सांजोवेझे आपल्याकडेही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रॅटेली या वाइन कंपनीच्या मळ्यात तोस्कानाचा वाइनकार पिएरो मासी याच्या देखरेखीखाली ती लावली गेली, आणि काबेर्नेबरोबर तिची ‘सेत्ते’ नावाची वाइन होते. तिकडे ऑक्टोबरात वेल फळ देऊन झोपायच्या तयारीत असते. इकडे त्याच सुमारास फळछाटणी झालेली असते, द्राक्ष हिवाळ्यात पिकतं, एप्रिलमध्ये पुन्हा खरड छाटणी. इथल्या वेलीला थंडीची झोप ठाऊक नाही. तिची वाइन कियांतीसारखी लागावी, अशी अपेक्षा मी ठेवत नाही. तिचा तुरटपणा कोणत्या ताटाशी जमेल, हे अजून ठरायचं आहे, आणि ते फ्लोरेन्समध्ये बसून ठरणार नाही. दुष्काळी सोलापूरच्या भाजलेल्या शेंगांना, ज्वारीच्या भाकरीला, सुक्या मटणाला त्यात मत आहे.

म्हणून कुणी मला विचारलं, ‘कुठली इटालियन रेड घेऊ?’ तर मी उलटे प्रश्न विचारते. जेवायला काय आहे? कोण येणार आहे? किती वेळ बसणार आहात? घाई असेल तर बार्बेरा किंवा दोल्चेत्तो घ्या, दोन्ही लवकर बोलतात. बारोलो घ्यायची असेल तर पाहुणे यायच्या दोन-तीन तास आधी उघडा, भरपूर रांधा, आणि पहिल्या पेल्यावर मत देणाऱ्याला दुसरा पेला होईपर्यंत बोलू देऊ नका.