काट्याला न दिसणारं शरीर

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी-दारी, ऑफिसात, लग्नकार्यात हमखास विचारलं जातं, किती किलो उतरलं? उत्तर ऐकून कुणी कौतुक करतं, तर कुणी चेहरा निरखून ‘फारच वाळलास रे’ म्हणतं. इन्सुलिनच्या इंजेक्शनचं काय झालं, झोपेत घोरता घोरता श्वास अडकायचा तो अजून अडकतो का, मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं का, हे सहसा कुणी विचारत नाही. या शस्त्रक्रियेचा खरा हिशेब मात्र याच प्रश्नांमध्ये दडलेला आहे.

सुरुवातीला डॉक्टरांनाही हे ठाऊक नव्हतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात गॅस्ट्रिक बायपास सुरू केली, तेव्हा हेतू वजन उतरवण्याचाच होता. पुढे उत्तर कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलचे सर्जन वॉल्टर पोरीज यांनी अशा ६०८ रुग्णांचा अनेक वर्षांचा अनुभव १९९५मध्ये प्रसिद्ध केला. त्यातल्या मधुमेह असलेल्या १४६ जणांपैकी १२१ जणांची रक्तशर्करा नॉर्मलवर आली होती आणि तिथेच टिकली होती. साखर उतरायला सुरुवात व्हायची ती शस्त्रक्रियेनंतरच्या काही दिवसांतच, वजनात म्हणावी तशी घट होण्याआधी. चरबी अजून अंगावरच होती आणि मधुमेह मागे हटत होता. पोरीज यांच्या लेखाच्या शीर्षकातच हे आश्चर्य उमटलं आहे.

याचं कारण पोटातल्या संप्रेरकांमध्ये आहे. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीसारख्या जठरात सुरुवातीला जेमतेम वाटीभर अन्न मावतं. पण काढलेल्या भागाबरोबर भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक तयार करणाऱ्या बहुतेक पेशीही जातात. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याच्या पुढच्या भागात लवकर पोहोचतं आणि तिथून जीएलपी-१ व पीवायवाय ही संप्रेरकं जोरात स्रवतात. मेंदूला पोट भरल्याची खूण लवकर मिळते, स्वादुपिंड वेळेवर इन्सुलिन सोडतं. सेमाग्लुटाइडसारखी हल्ली गाजणारी औषधं याच जीएलपी-१ची नक्कल करतात. ‘जिभेवर ताबा नाही’ असं ज्यांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, त्यांच्या भुकेमागे अशी रासायनिक यंत्रणा होती, हे या शस्त्रक्रियेने ठामपणे दाखवलं.

दीर्घकालीन परिणामांचा सर्वांत भक्कम पुरावा स्वीडनमधून आला. १९८७मध्ये सुरू झालेल्या तिथल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेले २,०१० आणि न झालेले २,०३७ लठ्ठ लोक होते. बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सुमारे ३२ टक्क्यांनी घटलं. दहा वर्षांनी थोडं परत चढूनही घट २५ टक्के टिकून होती. शस्त्रक्रिया झालेल्या मधुमेहींपैकी ७२ टक्के दोन वर्षांनी मधुमेहमुक्त होते, दहा वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. म्हणजे निम्म्या जणांचा आजार परतला. तरीही शस्त्रक्रिया न झालेल्या मधुमेहींमध्ये दहा वर्षांनी मधुमेहमुक्त असलेले अवघे १३ टक्के होते. शस्त्रक्रिया झालेल्यांचं आयुर्मान न झालेल्यांपेक्षा सुमारे तीन वर्षांनी जास्त भरलं, पण सर्वसामान्य लोकांपेक्षा ते साडेपाच वर्षांनी कमीच राहिलं. लाभ मोठा आहे आणि त्याला मर्यादाही आहे, हे दोन्ही रुग्णाला आधीच सांगायला हवं.

गुडघ्यांना हा लाभ पावलोपावली जाणवतो. शरीराचं वजन एक किलोने कमी झालं, की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. वीस किलो उतरलेल्या माणसाला रेल्वेच्या पुलाचा जिना पुन्हा जवळचा वाटू लागतो, तो यामुळेच.

पण उतरलेल्या वीस किलोंमध्ये नेमकं काय होतं?

सगळी चरबी नव्हती. शस्त्रक्रियेनंतर उतरणाऱ्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीविरहित ऊतींचा असतो आणि त्यात स्नायूही येतात. ही झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते, नेमकी त्याच काळात जेव्हा काट्यावरचा आकडा सर्वांत जास्त आनंद देत असतो. चांगली बाब अशी, की पोटातल्या अवयवांभोवतीची आणि यकृतातली घातक चरबी लवकर वितळते, आणि एकूण वजनाच्या मानाने स्नायूंचं प्रमाण वाढतं. म्हणून माणूस भरभर चालू लागतो. पण स्नायूंची एकंदर ताकद घटू शकते, हाडांची घनता कमी होते, बायपासनंतर हाड मोडण्याचा धोका वाढतो. पन्नाशीपुढच्या बाईसाठी ही बाब किरकोळ नाही.

आणि इथे भारतीय शरीराचा वेगळा विचार करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये १९९३पासून चाललेल्या याज्ञिकांच्या अभ्यासात हा फरक जन्मापासूनच दिसला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि अवयव लहान, पण कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळं, आतून चरबीयुक्त असं हे शरीर आहे. स्नायूंची पुंजी मुळातच थोडी असलेल्या माणसाने शस्त्रक्रियेनंतर त्यातली आणखी गमावली, तर ती भरून काढणं त्याला जास्त जड जातं.

म्हणून शस्त्रक्रियेनंतरची खरी कसोटी लागते स्वयंपाकघरात. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत, असं आहारतज्ज्ञ सांगतात. एका अंड्यातून मिळतात सुमारे ६ ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या डाळीतून साधारण तेवढीच, १०० ग्रॅम पनीरमधून १८च्या आसपास. जठरात एका वेळी वाटीभरच मावत असेल, तर भात-पोळीने ती जागा आधी अडवून चालत नाही. मटकीची उसळ, पनीर, अंडी, मासे किंवा चिकन ताटात आधी, भाकरीचा चतकोर नंतर. आपल्याकडे यजमान ‘आणखी एक पुरणपोळी घ्याच’ म्हणत आग्रह करतो आणि नको म्हणणाऱ्याला अपराधी वाटतं. बायपास झालेल्याने गोडाचा घास भराभर खाल्ला, तर घाम, धडधड, चक्कर, जुलाब असा त्रास होऊ शकतो. त्याच्या नकारात यजमानाचा अपमान नसतो, हे घरच्यांनी समजून घ्यायला हवं.

बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. याज्ञिकांच्या अभ्यासातल्या निम्म्याहून जास्त गरोदर स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं होतं, तेही कुठल्याही शस्त्रक्रियेविना. ज्या समाजात ही कमतरता आधीच घरोघरी आहे, तिथे दोन वर्षांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या बंद करणं धोक्याचं आहे. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा ही लक्षणं तेव्हा वयाच्या नावावर खपवली जातात.

मनाचा भागही बोलायला हवा. अमेरिकेतल्या युटा राज्यात सुमारे आठ हजार बायपास रुग्णांची तुलना तेवढ्याच लठ्ठ लोकांशी केली गेली. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी, तर मधुमेहाने होणारे ९२ टक्क्यांनी कमी होते. मात्र अपघात आणि आत्महत्या यांसारख्या कारणांनी होणारे मृत्यू त्यांच्यात जास्त आढळले. बायपासनंतर दारू रक्तात लवकर चढते. सैल पडलेली कातडी, तीन-चार महिन्यांनी गळणारे केस, खाण्यातून मिळणारा दिलासा हिरावला जाणं, हे सगळं माणूस बहुधा एकटाच सोसतो, कारण बाहेरच्यांच्या लेखी तो आता ‘बरा’ झालेला असतो. समुपदेशन हा उपचाराचाच भाग आहे.

आपल्या नियमांनीही भारतीय शरीराकडे नीट पाहिलेलं नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२०पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय किमान ४० किंवा गंभीर सहव्याधींसह ३५ असावा लागतो. सर्जनांच्या अमेरिकी आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी मात्र २०२२मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५पासूनच शस्त्रक्रियेचा पर्याय पुढे ठेवावा, असं म्हटलं आहे. १६० सेंटिमीटर उंचीच्या बाईच्या बाबतीत हा फरक ७० आणि ९० किलोंमधला आहे. मधुमेह आटोक्याबाहेर गेलेला असताना या वीस किलोंची वाट पाहणं तिच्या मूत्रपिंडांना आणि डोळ्यांना परवडत नाही. ही मर्यादा भारतीय पुराव्यांच्या आधारे बदलली पाहिजे आणि शस्त्रक्रियेनंतरच्या आहारसल्ल्याचा, रक्ततपासण्यांचा, समुपदेशनाचा खर्चही विम्यात धरला पाहिजे.

ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ठरते आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांकडे एवढा आग्रह धरावा : दर भेटीत किलोंबरोबर चरबी आणि स्नायूंचं प्रमाण मोजा, हाताच्या पकडीची ताकद तपासा, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व वर्षातून एकदा तरी बघा. स्वतः आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा, आणि ही तपासणी पाचव्या, दहाव्या, पंधराव्या वर्षीही सोडू नये.