सात घरं

मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवते, असं आपल्याकडे म्हणतात. लहानपणी माळ्यावर व्यालेली भाटी एका रात्रीत पिल्लांसकट नाहीशी झाली की आजी म्हणायची, "गेली दुसऱ्या घरी." बंगळुरात बनशंकरीच्या दुसऱ्या स्टेजला भाड्याच्या तळमजल्यावर मी मांजरांसाठी निवारा सुरू केला, तेव्हा ती सात घरं मनात नव्हती. आता रोज असतात.

बदामीची बनशंकरी आमची कुलदेवता. इथे कनकपुरा रस्त्यावरच्या तिच्या देवळात मंगळवारी-शुक्रवारी राहुकाळात बायका लिंबाच्या सालीत दिवे लावतात. दुष्काळात भाजीपाला देऊन लोकांना जगवणारी शाकंभरी ती हीच. तिच्या नावाच्या या वस्तीत पहाटे माझ्या फाटकाशी टोमॅटोचा खोका येऊन पडतो आणि आत डोळे न उघडलेली चार पिल्लं असतात. डोळे उघडायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडे लागतात. तोवर दर दोन-तीन तासांनी दूध पाजायचं, तेही पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं. गाईच्या दुधाने त्यांना हगवण लागते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मगच दूध. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने खालून पुसायचं, कारण आईने चाटल्याशिवाय त्यांना शू-शीसुद्धा होत नाही. हे दिवसरात्र चालतं. रात्री दोन वाजता तळहाताएवढा जीव सिरिंज धरून चोखायला लागतो, तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

पहिल्याच पावसाळ्यात माझ्या हातून एक मोठी चूक झाली. रात्री भिजलेलं एक पिल्लू कुणीतरी आणून दिलं, वेगळा पिंजरा रिकामा नव्हता, आणि मी त्याला बाकीच्यांत ठेवलं. पाचव्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्वो. सलाइन लावली, रात्री जागून काढल्या, तरी 11 पैकी 9 पिल्लं गेली. या रोगाचा विषाणू फटींत, कपड्यांत वर्षभरही टिकू शकतो. साबणाने तो मरत नाही आणि फिनेल मांजरांनाच विष. आम्ही सगळ्या फरश्या ब्लीचने धुतल्या, गोधड्या जाळल्या, आणि दोन महिने एकही नवं पिल्लू घेतलं नाही. त्या दोन महिन्यांत फोनवर नाही म्हणताना घसा दाटून यायचा. आता नवं पिल्लू दोन आठवडे वेगळं राहतं. ती खोली भरलेली असेल तर मी नाही म्हणते. लोक रागावतात, "मग शेल्टर कशाला काढलंत?" विचारतात. त्या 9 पिल्लांमुळे मला नाही म्हणता येतं.

खरं काम पिंजऱ्याबाहेरचं आहे. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. गल्लीतल्या एका भाटीची नसबंदी झाली की पुढचे कितीतरी खोके माझ्या फाटकाशी येत नाहीत. संध्याकाळी सुकी मासळी घालून सापळा लावायचा, झाकलेल्या पिंजऱ्यातून दवाखान्यात न्यायचं, भुलीतच कानाचं टोक किंचित कापून घ्यायचं, म्हणजे ती पुन्हा सापळ्यात आली तरी पुन्हा टेबलावर जात नाही. मग तिला तिच्याच गल्लीत सोडायचं. यावरून शेजारी माझ्याशी भांडतात, विशेषतः ज्यांना मांजरं आवडतात ते. पण भिंतींत कोंडलेली रानवट भाटी कोपऱ्यात तोंड खुपसून बसते, खात नाही. तिचं घर ती गल्लीच आहे. खाटकाच्या फळीखालची सावली, पाण्याच्या टाकीवरचं ऊन, सारं तिच्या ओळखीचं असतं. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

घरी द्यायच्या पिल्लांचं मात्र उलट. गॅलरीला जाळी लावल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. या भागात इमारती उंच होत चालल्या आहेत, आणि चौथ्या मजल्यावरून पडलेल्या मांजराचा जबडा मी पाहिला आहे.

गेल्या मे महिन्यात वळवाच्या पावसात एक रिक्षावाला आला. खाकी शर्टाच्या खिशातून एवढंसं डोकं बाहेर. "अक्का, बेक्किन मरी," एवढंच म्हणाला, म्हणजे मांजराचं पिल्लू. रिक्षाच्या सीटखाली सापडलेलं, एक डोळा पिकलेला. तो डोळा वाचला नाही. पण दर रविवारी दुपारची भाडी सोडून तो येऊन बसायचा, आणि पिल्लू त्याच्या खिशाकडे चढत जायचं. पिल्लू घरी न्यायची गोष्ट त्याने कधी काढली नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "खोली एकच आहे अक्का, चालेल?"

आमच्या नोंदवहीत एक रकाना आहे, 'कितवं घर'. त्या दिवशी मी तिथे 3 लिहिलं. रिक्षाची सीट, आमचा तळमजला, आणि पद्मनाभनगरातली ती एक खोली. तिथली जाळी त्याने स्वतः बसवली होती, जुन्या मच्छरदाणीवर तार विणून. मी जाऊन ती ओढून पाहिली. घट्ट होती.