कुत्र्याच्या पुळ्या आणि आपली औषधं

कुत्र्यांवरून सध्या सोसायट्यांमध्ये दोन तट पडलेत. भांडण चावण्यावरून, भुंकण्यावरून, फार तर रेबीजवरून. कुत्र्याच्या कातडीवरच्या पुळ्यांचा विषय कोणी काढत नाही, म्हणून ही पोस्ट. जरा लांबली आहे, सांभाळून घ्या.

आमच्या ब्रूनोला दर पावसाळ्यात पोटावर पुळ्या येतात. यंदा दोन अँटिबायोटिक झाली तरी हटेनात, तेव्हा व्हेटनी स्वॅब घेऊन कल्चरला पाठवला. रिपोर्टमध्ये एकाखाली एक 'आर', म्हणजे रेझिस्टंट. जंतूचं नाव स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. आणि घरात आईला डायबेटिस, पायाची जखम महिनाभर भरत नाहीये. वाचत बसलो मग रात्रभर.

हा जंतू बहुतेक धडधाकट कुत्र्यांच्या अंगावर, नाकातोंडात असतोच. वेगळी प्रजाती म्हणून त्याची ओळख पटली 2005 मध्ये. पुढच्या काही वर्षांतच युरोप-अमेरिकेत त्याचे असे प्रकार पसरले, की पेनिसिलिनचे भाऊबंद आणि कुत्र्यांना सर्रास दिलं जाणारं सेफॅलेक्सिन, दोन्ही फुकट. माणसाला तो क्वचित त्रास देतो. देतो तेव्हा बहुधा चाव्यातून, उघड्या जखमेतून, नाहीतर प्रतिकारशक्ती कमी असताना. कधीकधी लॅबमध्ये तो माणसाचाच स्टॅफ ऑरियस समजला जातो. गंमत म्हणजे कुत्र्यांमध्ये सापडणारा एमआरएसए बहुतेकदा आपल्याकडूनच त्यांना गेलेला असतो!

"बघा, म्हणून सांगत होतो, हाकला कुत्री," असं म्हणणारे कमेंटमध्ये येतीलच. अहो, कुत्रं गोळ्या आणायला मेडिकलमध्ये जात नाही. सेफपोडॉक्सिम कुत्र्यालाही देतात, माणसालाही. मार्च 2014 पासून ते शेड्यूल एच-वनमध्ये आहे. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात ती वही कधी पाहिलीय?

वरवरच्या पुळ्यांना आधी क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू वापरा, असं त्वचारोगाचे व्हेट आता सांगतात. फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा (ब्रूनोला धरून ठेवणं हे वेगळंच प्रकरण). त्याच्या पुळ्या तेवढ्यावर बसल्या. तो आईच्या पलंगावर चढत नाही, तिची जखम झाकलेली असते, त्याला हात लावला की साबण.

आईच्या जखमेचा स्वॅब सोमवारी दिला. घरात कुत्रा आहे का, असा रकाना फॉर्मवर नव्हता. मी कोपऱ्यात पेनाने लिहून दिलं.