भाड्याच्या जमिनीवरचा खेळ : ब्रिटिश स्पीडवेची गोष्ट

१/ पूर्व लंडनच्या कस्टम हाउस भागात एक साधी निवासी वसाहत आहे. तिथल्या रस्त्यांच्या पाट्यांवर हॉस्किन्स, विल्किन्सन, यंग अशी आडनावे दिसतात. ही माणसे ना सेनापती होती, ना मंत्री, ना कवी. ती एका मोटारसायकल खेळाशी जोडलेली होती. आज जिथे घरे आहेत, तिथे १९७२ पर्यंत वेस्ट हॅम स्टेडियम उभे होते. एकेकाळी वेम्ब्ली भरून टाकणारा हा खेळ रस्त्यांच्या पाट्यांपुरता कसा उरला, याचा हा धागा.

२/ प्रथम खेळ समजून घेऊ. स्पीडवेच्या एका शर्यतीत चार स्वार असतात. अंडाकृती ट्रॅकवर, घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, त्यांनी चार फेऱ्या मारायच्या असतात. पहिल्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक आणि चौथ्याला शून्य. सारे साधारण एका मिनिटात आटोपते. अशा पंधरा शर्यतींचा मिळून दोन संघांमधील एक सामना होतो.

३/ या मोटारसायकलला ब्रेक नसतो. ५०० सीसीचे एक सिलिंडर असलेले इंजिन आणि एकच गिअर. वळणावर स्वार मागचे चाक मुद्दाम बाहेर घसरवतो, पुढचे चाक उलट्या दिशेला वळवतो आणि पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीवर टेकवून घसरतच वळण पार करतो. इतर मोटार-खेळांत घसरणे ही चूक मानली जाते. इथे तेच मुख्य कौशल्य.

४/ इंधन मिथेनॉलचे. मिथेनॉलमध्ये खनिज तेल नीट मिसळत नाही, एरंडेल मिसळते. त्यामुळे या इंजिनांत एरंडेलापासून केलेले वंगण वापरण्याची प्रथा पडली. जळलेल्या एरंडेलाचा तो गोडसर वास जुन्या प्रेक्षकांच्या आठवणींत हटकून येतो. ट्रॅकवर पूर्वी भट्टीतली जळकी राख पसरत असत. म्हणून आरंभीचे नाव ‘डर्ट ट्रॅक’. पुढे शेल या भुसभुशीत खडकाचा चुरा आला.

५/ या खेळाच्या जन्माबद्दल वाद आहेत. प्रचलित परंपरा त्याचे श्रेय ऑस्ट्रेलियातील वेस्ट मेटलंडला देते. तिथल्या कृषी प्रदर्शनाच्या मैदानावर डिसेंबर १९२३ मध्ये जॉनी हॉस्किन्स या न्यूझीलंडच्या माणसाने अशा शर्यती भरवल्या. ब्रिटनमध्ये कॅम्बर्ली आणि ड्रॉयल्सडन इथे १९२७ मध्ये काही प्रयोग झाले. मात्र ब्रिटिश स्पीडवेचा वाढदिवस म्हणून मानली जाणारी तारीख आहे १९ फेब्रुवारी १९२८.

६/ त्या दिवशी लंडनच्या सीमेवरील एपिंग अरण्यात, हाय बीच येथील किंग्ज ओक या मद्यगृहामागे, इलफर्डच्या एका मोटारसायकल क्लबने शर्यती आयोजित केल्या. आयोजकांना थोडक्या प्रेक्षकांची अपेक्षा होती, आले हजारो. ट्रॅकच्या बाहेर जागा पुरेना, तेव्हा लोक ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेतही उभे राहिले. त्यानंतर काही महिन्यांतच देशभर ट्रॅक निघू लागले.

७/ एवढ्या वेगाने हा खेळ कसा पसरला? याचे उत्तर कुत्र्यांच्या शर्यतींत सापडते. जुलै १९२६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू येथे ब्रिटनमधील पहिली आधुनिक ग्रेहाउंड शर्यत झाली आणि शहराशहरांत त्यासाठी स्टेडियमे उभी राहिली. बसायला जागा, विजेचे दिवे, तिकीटखिडक्या, सारे तयार. कुत्र्यांच्या ट्रॅकच्या आतल्या बाजूला मोटारसायकलींचा ट्रॅक सहज बसत असे. स्पीडवेला घर मिळाले, पण ते दुसऱ्याच्या मालकीचे. पुढील शतकाची बरीचशी कथा या एका वाक्यात सामावते.

८/ १९२९ मध्ये लीग सामने सुरू झाले. शहराच्या नावाचा संघ, त्याची रंगीत जाकिटे, ठरलेला वार आणि हातात पेन्सिल घेऊन कार्यक्रमपत्रिकेत गुण भरणारा प्रेक्षक ही संस्कृती तेव्हाची. कामगार वस्तीतील कुटुंबे मुलाबाळांसह येत. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९३६ मध्ये वेम्ब्लीवर झाली. ऑस्ट्रेलियाचा लायोनेल व्हॅन प्राग जिंकला. १९३८ चे विजेतेपद वेस्ट हॅमच्या ब्लूई विल्किन्सनचे. पाटीवरील एक आडनाव हेच. १९३९ चा अंतिम सामना मात्र युद्धाने गिळला.

९/ या काळातील एक पान फारसे उघडले जात नाही. आरंभीच्या वर्षांत स्त्रियाही शर्यतींत उतरत. आयर्लंडची फे टेलर पुरुषांना हरवून प्रसिद्धी पावली होती. १९३० मध्ये ब्रिटनमध्ये स्त्रियांना स्पीडवेतून बंदी झाली. फे टेलर मोटारींच्या शर्यतींकडे वळली. दोनच वर्षांच्या कोवळ्या खेळाने आपल्या निम्म्या संभाव्य खेळाडूंना दार बंद केले.

१०/ महायुद्धात बहुतेक ट्रॅक थांबले, पण बेल व्ह्यूने शर्यती चालू ठेवल्या. युद्ध संपताच गर्दीचा पूर आला. शिधावाटपाच्या त्या दिवसांत लोकांच्या खिशात थोडे पैसे होते, पण ते खर्च करण्याच्या जागा कमी होत्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस वर्षभराची एकूण प्रेक्षकसंख्या एक कोटीच्या पुढे गेली. १९४९ मध्ये टॉमी प्राइस हा पहिला इंग्रज विश्वविजेता ठरला, तोही वेम्ब्लीवरच.

११/ उतरणही तिथूनच सुरू झाली. पहिला घाव कराचा होता. करमणूक कर आकारताना सरकारने फुटबॉल, क्रिकेट अशा खेळांना सवलतीचा दर दिला. यंत्रांच्या व प्राण्यांच्या शर्यतींना तो नाकारला. स्पीडवेच्या तिकिटातील जवळपास निम्मी रक्कम करात जाऊ लागली. ब्रेकविना घसरत जाणाऱ्या स्वाराचे कौशल्य कायद्याच्या लेखी खेळच नव्हते, ते यंत्राचे काम होते.

१२/ मग दूरचित्रवाणी आली. संध्याकाळी घराबाहेर पडण्याची सवय मोडू लागली. फेब्रुवारी १९५७ मध्ये वेम्ब्लीचे सर्वेसर्वा आर्थर एल्विन यांचे निधन झाले आणि त्यांचा लाडका वेम्ब्ली लायन्स हा संघ त्या वर्षी लीगमध्ये उतरला नाही. त्याच वर्षी खेळांवरील करमणूक कर रद्द झाला. अनेक क्लबांच्या दृष्टीने तो निर्णय फार उशिरा आला होता.

१३/ तरीही खेळ संपला नाही, ही या इतिहासातील लक्षात घेण्यासारखी गोष्ट. १९६० मध्ये काही प्रवर्तकांनी छोट्या शहरांतील बंद ट्रॅक उघडून प्रोव्हिन्शियल लीग सुरू केली. मोठ्या क्लबांशी त्यांचे बिनसले, १९६४ मध्ये ती लीग अधिकृत मान्यतेशिवायच चालली. वाद सोडवण्याचे काम लॉर्ड शॉक्रॉस यांच्याकडे आले. न्यूरेम्बर्ग खटल्यात ब्रिटनची बाजू मांडणारे मुख्य अभियोक्ता ते हेच! त्यांच्या अहवालानंतर १९६५ मध्ये अठरा संघांची एकच ब्रिटिश लीग उभी राहिली.

१४/ या खेळाने माणसांकडून घेतलेली किंमतही नोंदवायला हवी. लिव्हरपूलचा पीटर क्रेव्हन अंगाने लहानखुरा, पण तोल सांभाळण्यात अजोड. तो १९५५ आणि १९६२ मध्ये विश्वविजेता झाला. सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरा येथे समोर पडलेल्या स्वाराला वाचवण्यासाठी त्याने मोटारसायकल वळवली, तो कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी मरण पावला. वय अवघे २९. बेल व्ह्यूचे प्रेक्षक आजही त्याच्या स्मृतीनिमित्त शर्यत पाहतात.

१५/ १९७० चे दशक पुन्हा भरभराटीचे होते. इव्हान मॉगर, ओले ओल्सेन, पीटर कॉलिन्स असे जगातील श्रेष्ठ स्वार ब्रिटिश लीगमध्ये धावत, कारण त्या काळी स्पीडवेची राजधानी इंग्लंडच होते. १९८१ मध्ये वेम्ब्लीवरील अखेरचा जागतिक अंतिम सामना सुमारे ९२ हजारांनी पाहिला. त्या रात्री स्टेडियममध्ये बसलेल्या कुणालाही वाटले नसेल की खेळाच्या पायाखालची जमीन सरकू लागली आहे.

१६/ जमीन सरकत होती, हे शब्दशः खरे. ग्रेहाउंड शर्यतींची गर्दी ओसरली आणि शहरांतील भूखंडांचे भाव चढले. व्हाइट सिटी १९८५ मध्ये पाडले गेले. हॅरिंगे १९८७ मध्ये गेले. तिथे सुपरमार्केट आले. हॅकनीची जागा पुढे ऑलिंपिक उद्यानात सामावली. विंबल्डनमध्ये स्पीडवे २००५ मध्ये थांबला. आज तिथे फुटबॉलचे मैदान आहे. ज्या लंडनच्या वेशीवर हा खेळ रुजला, त्या शहराचा आज एकही संघ नाही.

१७/ लंडनबाहेर हेच घडले. कॉव्हेंट्रीजवळील ब्रँडन येथे १९२८ पासून स्पीडवे होता. स्टेडियमची जागा घरबांधणीसाठी विकली गेली आणि २०१६ च्या हंगामानंतर क्लब बेघर झाला. रिकामे स्टेडियम नासधूस आणि आगींनी भग्न झाले. पण चाहत्यांनी माघार घेतली नाही. नियोजनाच्या कागदपत्रांचा अभ्यास करून त्यांनी हरकती नोंदवल्या. २०२२ मध्ये स्थानिक परिषदेने घरांची योजना नाकारली, पुढे अपीलही फेटाळले गेले. चाहते जिंकले, तरीही शर्यत होऊ शकलेली नाही.

१८/ मग यादी लांबत गेली. लेकसाइड आणि राय हाउस २०१८, स्विंडन २०१९, सॉमरसेट २०१९, न्यूकॅसल २०२२, पीटरबरो आणि वुल्व्हरहॅम्प्टन २०२३ : ही त्या त्या ठिकाणच्या अखेरच्या हंगामांची वर्षे. प्रत्येकाचे तात्कालिक कारण निराळे, पण सूत्र बहुधा एकच : भाडेकरार संपला, मालकाचे बेत बदलले वा हिशोब जुळेना. संघाचे नाव शहराचे, निष्ठा प्रेक्षकांची, आणि किल्ली तिसऱ्याच्याच खिशात.

१९/ दुसरा प्रश्न पैशाचा. ब्रिटनमध्ये स्वाराची कमाई प्रामुख्याने मिळवलेल्या गुणांवर ठरते. मोटारसायकल, इंजिनाची देखभाल आणि मेकॅनिक यांचा भार मात्र त्याच्यावरच. पोलंडमध्ये चित्र वेगळे आहे. तिथे नगरपालिका स्टेडियमे सांभाळतात, प्रायोजक व दूरचित्रवाणी भरघोस पैसा देतात, सामन्यांना हजारोंची गर्दी होते. साहजिकच अव्वल स्वारांचे प्राधान्य पोलंडला. तीन वेळा विश्वविजेता ठरलेल्या ब्रिटनच्या ताय वॉफिंडननेही कारकिर्दीचा मोठा काळ ब्रिटिश लीगबाहेर काढला.

२०/ स्वार अपुरे पडतात म्हणून एकच स्वार दोन विभागांतील दोन क्लबांकडून धावतो. कुणी जखमी झाला तर दुसऱ्या क्लबाचा पाहुणा स्वार बोलावतात. क्लबांच्या दृष्टीने ही अपरिहार्य तडजोड आहे. पण काल प्रतिस्पर्धी असलेला स्वार आज आपल्या जाकिटात दिसला, तर नव्या प्रेक्षकाने निष्ठा कुठे बांधावी? त्यात ब्रिटनचा पाऊस. सामना रद्द झाला की खर्च होतोच, उत्पन्न बुडते. दोन्ही प्रमुख विभाग मिळून आज वीसपेक्षा कमी क्लब उरले आहेत.

२१/ तरीही सर्व काळोख नाही. २०१६ मध्ये मँचेस्टरच्या बेल व्ह्यू परिसरात नॅशनल स्पीडवे स्टेडियम उभे राहिले, या खेळासाठीच बांधलेले. उद्घाटनाची रात्र फसली. ट्रॅक योग्य नसल्याने शर्यती रद्द कराव्या लागल्या आणि पुढे चालवणारेही बदलले. पण स्टेडियम महापालिकेचे होते, म्हणून ते टिकले. याच मैदानावर २०२१ मध्ये ब्रिटनने ‘स्पीडवे ऑफ नेशन्स’ जिंकली. जागतिक सांघिक विजेतेपद १९८९ नंतर प्रथमच आले. २०२४ मध्ये तिथेच त्याची पुनरावृत्ती झाली.

२२/ दुसरे उदाहरण ऑक्सफर्डचे. तिथला स्पीडवे २००७ मध्ये थांबला, २०१२ च्या अखेरीस स्टेडियमही बंद पडले. घरे बांधण्याचा प्रस्ताव आला. तेव्हा नगर परिषदेने २०१४ मध्ये त्या परिसराला संवर्धन क्षेत्र घोषित केले. अनेक वर्षे काहीच घडले नाही. अखेर २०२२ मध्ये तिथे पुन्हा इंजिने सुरू झाली. पंधरा वर्षांच्या शांततेनंतर!

२३/ इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबावे. वारसा म्हणताच किल्ले, चर्च, राजवाडे डोळ्यांसमोर येतात. पत्र्याचे छप्पर, सिमेंटच्या पायऱ्या आणि तांबूस चुऱ्याचा ट्रॅक यांना कुणी स्मारक म्हणत नाही. पण विसाव्या शतकातील कष्टकरी माणूस आठवड्याची एक संध्याकाळ कुठे, कुणासोबत घालवत होता, याचा पुरावा त्या पायऱ्याच आहेत. आजोबांनी पेन्सिलीने भरलेली कार्यक्रमपत्रिका हे अस्सल दस्तऐवज होय. जागा गेली की पत्रिका उरते, तिचा संदर्भ उरत नाही.

२४/ ब्रँडन आणि ऑक्सफर्ड शेजारी ठेवून पाहिले की भवितव्याचा प्रश्न स्पष्ट होतो. दोन्हीकडे चाहते तितकेच निष्ठावान. दोन्हीकडे घरांची योजना अडली. फरक इतकाच की ऑक्सफर्डमध्ये स्टेडियम उभे राहिले आणि ते चालवायला कुणीतरी पुढे आले. ब्रँडनमध्ये वाट पाहता पाहता स्टेडियमच मोडकळीस आले. नकार जमीन वाचवू शकतो. खेळ वाचवायला मात्र चालवणारे हात आणि खात्रीचे छप्पर लागते. ब्रिटनमध्ये घरांची टंचाई खरी आहे, हेही विसरून चालणार नाही. बांधली जाणारी घरेही सामान्य माणसांचीच असतात.

२५/ १९ फेब्रुवारी २०२८ रोजी हाय बीचच्या त्या शर्यतींना शंभर वर्षे पूर्ण होतील. मद्यगृहामागच्या रानात शतकाचा सोहळा भरवणे अवघड नाही. आठवणी काढणारे पुष्कळ आहेत. खरी कसोटी त्यानंतरच्या आठवड्यांत असेल. मार्च-एप्रिलमध्ये नवा हंगाम सुरू होतो. त्या वेळी एखाद्या गावात दहा-बारा वर्षांचे मूल प्रथमच एरंडेलाचा तो वास घेत, कठड्याला टेकून, हातातल्या पत्रिकेत तीन, दोन, एक, शून्य असे गुण भरत असेल, तर या खेळाचे नाव पाटीवर कोरण्याची घाई करण्याचे कारण नाही.